कमांडरांच्या लँडिंगचा शेरा

“मॅडम, आज सकाळपासून मी सहा वेळा मेलो. तुमची मशीन खराब आहे.”

फोनवरचा आवाज अगदी शांत होता. मशीन आमची नाही, ती तुमच्या मुलाने कॅनडाहून आणली आहे, हे मी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. फोन ठेवल्यावर समोरून काळमेघ सर बोललेच. नागपुरातलं आमचं छोटं कॉम्प्युटर सर्व्हिस सेंटर त्यांचं.

“काहून टाळून राहिली? जाऊन ये ना वं. नेव्हीतला रिटायर माणूस आहे.”

“सर, तो गेम आहे.”

“गेम तर गेम. साऱ्या शहरात घरी कॉम्प्युटर असणारे बोटावर मोजण्याइतके. त्यातला एक सोडतं का कोणी?”

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. तेव्हाचा घरचा कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला जोडायचा एक कीबोर्ड. प्रोग्राम साध्या कॅसेटवर यायचे. टेपरेकॉर्डर जोडायचा, पाच मिनिटं कान किटवणारा आवाज ऐकायचा, मग प्रोग्राम मेमरीत चढायचा. वीज क्षणभर जरी दचकली तरी सगळं पुसलं जाई. फोन करणाऱ्या कमांडर बोंद्रेंकडे विमान चालवण्याचा खेळ होता. त्याला जोड म्हणून मुलाने दुसरी कॅसेट पाठवली होती. ती चढवली की साध्या विमानाऐवजी फायटर जेट मिळे, आणि ते समुद्रातल्या जहाजावर उतरवावं लागे. याला ॲड-ऑन म्हणतात.

मी गेले तेव्हा मे महिना होता आणि घरातला कूलर बंद होता. कूलरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडे आणि विमान हवेतच नाहीसं होई. म्हणून कमांडर बनियनवर, घामाने निथळत टीव्हीसमोर बसले होते. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. हॉलमध्ये सहा खुर्च्या, पाचांवर धूळ.

“बघा,” ते म्हणाले.

विमान सुंदर उतरवत आणलं. चाकं डेकला टेकली आणि त्याच क्षणी त्यांनी इंजिन पूर्ण जोरात सोडलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. विमान समुद्रात.

“सर, टेकल्यावर इंजिन कमी करायचं ना?”

ते माझ्याकडे वळले. “तुम्ही जहाजावर उतरलाय का कधी?”

मी अमरावतीची. जहाज सोडा, तोवर समुद्रही पाहिला नव्हता.

मग त्यांनी समजावलं. जहाजावरची धावपट्टी इतकी लहान असते, की विमान ब्रेक लावून थांबत नाही. डेकवर आडव्या जाड तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीचा हुक त्यातली एखादी पकडतो. हुक चुकला, तर पुन्हा उडायला इंजिन पूर्ण जोरात हवंच. म्हणून चाकं टेकली की जोर वाढवायचा. तार लागली का ते पाहत बसणारा पायलट पाण्यात जातो.

“ही सवय नाही, हाडं आहेत,” ते म्हणाले. “आता हाडं बदलू का?”

दोष कुठे आहे ते कळलं. ज्याने हा प्रोग्राम लिहिला तो जमिनीवरचा माणूस होता. टेकताना इंजिन जोरात असेल तर अपघात, असं त्याने लिहून ठेवलं होतं. ती तपासणी शोधून बदलायची, इतकंच काम. पण मशीन कोड म्हणजे नुसते आकड्यांचे ढिगारे. मी वहीत उतरवून घेत, एकेका आकड्याचा अर्थ लावत बसले. पहिल्या प्रयत्नात भलतीच ओळ बदलली, आणि विमान जहाजाच्या आरपार निघून गेलं.

“हे नवीन आहे,” कमांडर गंभीरपणे म्हणाले.

तिसऱ्या रविवारी जमलं. चाकं टेकली, इंजिन गरजलं, हुकाने तार पकडली, विमान थांबलं. हुक चुकला तर विमान पुन्हा वर. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. कमांडर मात्र स्क्रीनकडे बघत राहिले.

“मंग? कसं होतं?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच नागपूरजवळच्या खापा या त्यांच्या गावची बोली बाहेर आली होती.

“लँडेड असं आलंय की, सर.”

“ते तर आंधळ्यालेही दिसते. कसं होतं म्हणून विचारून राहिलो.”

मग त्यांनी सांगितलं: त्यांच्या वेळी जहाजावर डेकच्या कडेला एक अधिकारी उभा असे. प्रत्येक लँडिंग बघून तो वहीत शेरा लिही, आणि नंतर मेसमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवी. सगळ्यात वरचा शेरा होता ‘ठीक’. त्याच्यावर काही नव्हतंच. त्याखाली ‘बरा’, मग ‘वाईट’, आणि शेवटी ‘धोकादायक’. तो शेरा मिळालेल्याला त्या दिवशी पुन्हा विमानात बसू देत नसत.

“शेरा मशीनलाही देता येईल,” मी म्हटलं. “वेग, उंची, कितवी तार. बेरीज-वजाबाकीच आहे.”

“मशीनले काय कळते? तू दे.”

त्यांनी मला शिकवलं. तिसरी तार लागली तर उत्तम. पहिली लागली म्हणजे फार खालून आलात, आणखी थोडं खाली असतात तर जहाजाच्या मागच्या भिंतीवर आदळला असतात. मी वही घेऊन खुर्चीमागे उभी राहू लागले. काळमेघ सरांना वाटे मी अजून दुरुस्तीच करते आहे. खरं सांगायचं तर भाड्याच्या खोलीत रविवार मला खायला उठायचा. इथे निदान कोणीतरी माझी वाट पाहत असे. चार महिन्यांत मी ‘ठीक’ एकदाच दिला. त्या दिवशी कमांडरांनी स्वतः चहा केला, आणि तो अतिशय वाईट होता, हेही मी सांगितलं.

मग मला पुण्यात नोकरी लागली. दोन आठवडे सांगायचं राहून गेलं. शेवटच्या रविवारी दारातच सांगून टाकलं.

“चांगलं झालं,” ते म्हणाले आणि टेप लावायला वळले.

त्या दिवशी त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. विमान खाली आलं, फार खाली, डोलत आलं. मागची कड जेमतेम चुकवून पहिल्या तारेत अडकलं. मी वहीकडे पाहिलं, मग त्यांच्या पाठीकडे. पुढच्या रविवारी या खुर्चीमागे कोणी नसणार, हा एकच विचार मनात होता.

“ठीक,” मी म्हटलं.

त्यांनी न वळताच विचारलं,

“कितवी तार?”

“पहिली.”

“मंग ठीक कसं वं?”

त्यांनी टीव्ही बंद केला.

“दया करणारे मले पुष्कळ आहेत. पोरगा करते, शेजारी करतात. खरं सांगणारी तू एकटी होती.”

मी वहीतला शब्द खोडायला गेले. त्यांनी हात आडवा केला. लिहिलेला शेरा बदलत नसतात, म्हणाले. फाटकापर्यंत सोडायला आले, प्रवासाला शुभेच्छा दिल्या, अगदी रीतसर, ‘मॅडम’ म्हणून.

पुढे पुण्यात निवृत्त होईपर्यंत मी दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासले. नोकरी सोडून चाललेल्या मुलांच्याही शेवटच्या कामातल्या चुका मी सगळ्याच्या सगळ्या लिहून देत असे. ऑफिसात मला खडूस म्हणायचे, आणि ते मला ठाऊक होतं. पुण्याहून मी कमांडरांना तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात त्या शेवटच्या लँडिंगचा खरा शेराही कळवला: ‘धोकादायक’. उत्तर एकाचंही आलं नाही.