एकतिसाव्या ओट्याची पावती

प्रणालीबाईंच्या टेबलावर गेलेलं बिल लवकर उठत नाही, असं गावातले कंत्राटदार म्हणतात. म्हणोत बापडे! नगरपरिषदेच्या मुख्य लेखापालाने न बघता सह्या ठोकायच्या, तर तिथे रबरी शिक्काच बसवा की. बाई कोळीवाड्यातल्या, शिकून या खुर्चीवर आल्या, आणि बावीस वर्षांत त्यांनी कुणाचा फुकट चहा घेतला नाही.

एकतीस मार्चला दुपारी कंत्राटदार कमलेश शेठ बिल घेऊन आला. कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर मासळी सुकवायचे चाळीस ओटे, सगळे पूर्ण. अभियंत्याची सही झालेली, मुख्याधिकाऱ्यांची शिफारस झालेली. पाचच्या आत बिल कोषागारात पोचलं नाही, तर निधी सरकारला परत जाणार होता.

बाईंनी स्कूटर काढली आणि किनारा गाठला. ओटे मोजले, तेवीस. पुन्हा मोजले, तेवीसच! पुढे नुसती वाळू आणि तिच्यावर चुन्याच्या रेघा.

परत येऊन त्यांनी जोडलेल्या पावत्या चाळल्या. ओटा ताब्यात मिळाल्याची एकेका कोळणीची पावती. एकतिसाव्या पावतीवर नाव होतं मनुबाई नाखवा, खाली अंगठा. बाईंनी नाव पुन्हा वाचलं. मनुबाई म्हणजे त्यांची सख्खी आई.

त्यांनी फोन लावला. "आये, ओटा मिळाला तुला?"

"न्हाय गो बाय, अजून कुठं?"

"मग अंगठा कशाला दिलास?"

"कमलेश शेठ आलता. बोलला, तुझ्या एकटीचा राहिलाय, त्यानं पोरीची फाईल अडकली हाय. तुझं काम व्हईल म्हणून दिला. काय चुकलं का?"

बाईंना रडू आवरेना. त्या मेल्या कमलेशचा गळा धरावा, असं वाटलं त्यांना.

चार वाजता मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. "मॅडम, अडवलंत तर खोट्या पावत्यांची चौकशी लागेल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला पोलीस ठाण्यात बसवणार?"

"चाळीसचे पैसे द्या, असं लेखी द्या, साहेब. लगेच सही करते."

साहेबांनी पेन उचललं नाही. ते लेखी कशाला देतील?

बाई जागेवर आल्या. नीट अक्षरात बिलावर शेरा लिहिला. तेवीस ओट्यांची रक्कम मंजूर. सतरा ओटे जागेवर नाहीत, पावत्या फसवून घेतल्या आहेत. पावती क्रमांक एकतीस माझ्या आईची आहे, तिचा जबाब सर्वांत आधी घ्यावा. पाचला दहा कमी असताना बिल कोषागारात गेलं, आणि सतरा ओट्यांचे पैसे गावाच्या हातून गेले.

संध्याकाळी त्यांनी आईच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. मनुबाई आधी कमलेशवर भडकली, मग लेकीवर. "माझं नाव घातलंस? माझंच?"

"तुझं लपवून बाकीच्यांचं कसं घालू, आये?"

 मनुबाई लुगड्याचा पदर खोचून उठली.

"कुठे निघालीस?"

"अंगठा दिल्याली अजून सोळा घरं हायत. त्यांना सांगाया नको? तू बस. तुला बघून दारं लावतील."

बाई उंबऱ्यात बसून राहिल्या. पहिल्याच घरातून शिव्या ऐकू आल्या, आणि त्या सगळ्या आईला होत्या.