एकटीला काम न देणारे देवाजीभाऊ

देवाजीभाऊंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. माझे घरधनी तेव्हा घुग्घुसला कोळशाच्या कामावर नुकते लागले होते आणि घरी बसून मला जमत नव्हतं. सावली गावाच्या रस्त्यावर भाऊंच्या भोजनालयात बाई पाहिजे असं कळलं म्हणून गेले. भाऊ मागच्या अंगणात दगडावर मासोळ्या साफ करत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोन्या गावची?"

मी गाव सांगितलं.

"म्हंजे तलावाच्या पाळीवरून येनं. सोबत कोन आहे?"

"कोनी नाई. एकटीच आली."

"मंग काम नाई."

मला राग आला. मी म्हटलं, "भाऊ, मी रांधाले आली, वाट मोजाले नाई. माह्या हातचं वरन तं खाऊन पाहा."

तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाले, "रांधनं नाई आलं तं मी शिकवीन. वाटेवरचं जनावर माह्यानं हटत नाई. गावातून आनखी एक बाई घेऊन ये, दोघीले काम देतो."

तशीच परत गेले आणि शेजारच्या सिंधूला घेऊन आले. सिंधूला काम करायचंच नव्हतं. तिला मी ओढत आणली म्हटलं तरी चालेल. त्या दिवसापासून आम्ही दोघी भाऊंच्या भोजनालयात आहोत.

भाऊंच्या सत्काराच्या या अंकात शिकलेल्या लोकांचे लेख असतील. मी चौथीपर्यंत गेले आहे. अंक काढणारे शाळेचे गुरुजी म्हणाले, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी म्हटलं, माझं मी लिहीन, तुम्ही फक्त काना-मात्रा पाहा.

भाऊंचा जन्म ढिवर कुटुंबातला. वडील, आजोबा, सगळे मामा तलावात मासे धरणारे. रस्ता मोठा झाला तेव्हा भाऊंनी कडेला चार लाकडी बल्ल्या ठोकून, वर कवेलूचं छप्पर टाकून मासोळीचा रस्सा आणि भात विकायला सुरुवात केली. आज तिथे पक्की भिंत आहे, पंखे आहेत. रस्सा तोच आहे. तेल घालताना भाऊंचा हात आखडतो हेही तसंच आहे. भाऊ सुपारी-तंबाखूचा खर्रा खातात हे लिहू नका असं गुरुजी म्हणाले. खातात. सोडा म्हणून मी रोज सांगते, ते ऐकत नाहीत.

भाऊंनी माणसं कशी ठेवली हे सांगायला मी बसले आहे, कारण आज रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलवाल्याचं तेच रडगाणं आहे. सूरजागडच्या खाणीचे ट्रक धावायला लागले तसे खाणारे वाढले आणि रांधणारे कमी झाले. पोरं खाणीवर गेली, सिमेंटवर गेली. माझा स्वतःचा मुलगा ट्रकवर आहे. जो भांडी घासत होता तो आता टोपी घालून गेटवर उभा असतो. हॉटेलवाले पाटी लावतात, "कामगार पाहिजेत". पाटी उन्हाने पांढरी होते, पण कोणी येत नाही.

भाऊंनी पाटी कधी लावली नाही. त्यांची रीत वेगळी. एका गावातून एक बाई घ्यायची नाही, दोन घ्यायच्या. येताना दोघी, जाताना दोघी. एक आजारी पडली तर दुसरीलाही सुटी, पगार कापायचा नाही. आणि दिवस बुडायच्या आत चूल विझवायची. शेजारच्या हॉटेलात रात्री गर्दी उसळते, रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या दिवसांत तर उभं राहायला जागा नसते. भाऊंचं दार तेव्हा बंद असतं. एकदा एका ट्रकवाल्याने टोमणा मारला, "काय भाऊ, तुमच्या हाटेलात वाघाचं टाइमटेबल चालते का?"

भाऊ म्हणाले, "हो ना. त्याची ड्यूटी सुरू झाली का आपली बंद."

भाताच्या रोवण्याच्या दिवसांत सगळ्या बाया शेतातल्या बांध्यांत उतरतात. दुसरे मालक तेव्हा घरी माणूस पाठवतात, धमक्या देतात. भाऊ आदल्या दिवशी स्वतःच सांगतात, "उद्यापासून कोनी येऊ नोका." मग ते एकटेच वरण-भात लावतात आणि जो येईल त्याला तेवढंच वाढतात. एका साहेबाने विचारलं, "मासोळी काऊन नाई?" भाऊ म्हणाले, "बाया रोवन्याले गेल्या. रोवना चुकला तं त्यायच्या घरी वर्षभर भात नाई. तुमी आज वरनावर भागवा." साहेब रागावून उठून गेले. भाऊंनी त्यांचं ताट उचललं आणि स्वतः जेवायला बसले. रोवणा आटोपला की सगळ्या बाया आपोआप कामावर परत येतात. बोलवावं लागत नाही.

हे सगळं गेल्या वर्षापर्यंतचं. 

गडचिरोलीच्या बाजूला एका ठेकेदाराने कामगारांसाठी मोठी मेस काढली. त्याचा माणूस आमच्याकडेच जेवायला आला. रस्सा भुरकला, भात दोनदा घेतला, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "हे कोणी रांधलं?" भाऊ गल्ल्यावर होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्या माणसाने आम्हा दोघींनाही बोलावलं. पगार जास्त, गाडी घरापर्यंत, आठवड्याची सुटी. खोटं काही बोलला नाही तो. आठ दिवसांत सिंधू गेली.

मी गेले नाही. बाकीच्या दोघी पलीकडच्या गावच्या, त्या भाजी-भाकरी पाहतात. रस्सा आणि भात आमच्या दोघींकडे होता. सिंधूच्या मागे मीही गेले असते तर भोजनालय बंद झालं असतं. भाऊंनाही हे माहीत होतं, मलाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पाळीवरून चालत आले. पाळीच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला बांबूचं रान. आदल्या उन्हाळ्यात त्याच रानात मोह वेचायला गेलेली आमच्या गावची एक बाई परत आली नव्हती. त्या वाटेवर मी सिंधूशी वर्षानुवर्षं भांडत, हसत चालले, पण बांबूचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वारा नव्हता तरी तो वाजत होता. मी पळाले नाही, पळायचं नसतं.

भाऊंनी मला पाहिलं आणि चूल पेटवू दिली नाही. "एकटी आली?"

"मंग काय करू?"

"एकटीले काम नाई. मायीत नाई का तुले?"

इतक्या वर्षांनी हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊ, मले काढून राह्यले का? मंग रस्सा कोन रांधन? तुमी?"

भाऊंनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "मंग मी येतो सोबतीले."

त्या दिवसापासून भाऊंनी मला सकाळी मोपेडवर आणायला आणि संध्याकाळी पोचवायला सुरुवात केली. लोक वाहवा करत होते, मालक असावा तर असा. मला मात्र ते कौतुक गिळवत नव्हतं. मी मागे बसलेली असेपर्यंत दोघं होतो. मला दारात उतरवलं की भाऊ त्याच वाटेने एकटे परत जात. वय इतकं, डोळ्याला कमी दिसतं, मोपेडचा दिवा कधी लागतो कधी नाही. माझी भीती कमी व्हावी म्हणून त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि माझी दुप्पट झाली. मी म्हटलं, पोचल्यावर मिस कॉल द्या. तो येईपर्यंत मी दारातून आत जात नसे. चुलीवरचा चहा उतू गेला तरी कळत नसे.

थंडीत दिवस लहान झाला. एका संध्याकाळी भाऊ मला उतरवून गेले आणि मिस कॉल आला नाही. मी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. पाळीकडून वानरांचं खाकरणं ऐकू आलं. आमच्याकडे लहान लेकराला विचारा, वानर तसं कशाला पाहून खाकरतात ते सांगेल. तेवढ्यात गडचिरोलीच्या बाजूच्या सडकेने मेसची गाडी आली आणि सिंधू उतरली.

मी म्हटलं, "सिंधे, भाऊ पोचले नाई."

तिने डबा तिथेच ओट्यावर ठेवला. गावातल्या माणसांना हाका मारल्या. ताटल्या, डबे, काठ्या, बॅटऱ्या घेऊन आम्ही निघालो. उजेड अजून थोडा होता, पण बांबूखाली अंधार बसला होता. सगळे मोठमोठ्याने बोलत होते आणि एकाचंही बोलणं दुसरा ऐकत नव्हता. पाळीच्या मध्यावर मोपेड आडवी पडलेली दिसली. किल्ली तशीच. बाजूला एक चप्पल. सगळे आणखी जोरात ताटल्या वाजवायला लागले. सिंधूने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

तेव्हा तलावातून आवाज आला. "ठनठन बंद करा बे. मासोया भेतात."

पाण्याच्या मधोमध, कमळाच्या पानांत, मासे धरणाऱ्यांच्या डोंग्यात भाऊ बसले होते. अंगावर शर्ट नव्हता, तो पिळून बाजूला ठेवला होता. जनावर पाळीवर पुढ्यात बसलेलं दिसलं तशी मोपेड टाकून ते पाण्यात उतरले, पोहत डोंग्यापर्यंत गेले आणि डोंगा आत ढकलला. फोन तलावात गेला. "ते तिथी बसून होतं, मी इथी बसून होतो," भाऊ म्हणाले. "तुमी आले तं ते उठून गेलं."

त्यांना काठावर घेतलं तेव्हा त्यांचे दात वाजत होते. मी रडत होते. सिंधू रडली नाही. ती ओरडली, "भाऊ, तुमाले अक्कल आहे का नाई? आज तुमचं काही झालं असतं तं गाव मलेच बोललं असतं. सिंधू गेली म्हनून म्हातारा गेला. जलमभर ऐकत बसू का मी?"

भाऊ थरथरत म्हणाले, "तुले कोन बोलते? मेसमंदी चांगलं आहे ना तुह्यं?"

"काय चांगलं? तोंडाले कपडा बांधून दिवसभर कांदे चिरून राह्यली. कोनाशी एक शब्द बोलता येत नाई."

पुढच्या सकाळी सिंधू माझ्या दारात उभी होती. चल म्हणाली, आणि वाटभर मला शिव्या घालत आली. भाऊंनी तिच्यासमोर निवडायच्या तांदळाचं सूप ठेवलं.

ही गोष्ट इथे संपली असं मला लिहिता येत नाही. मेसची गाडी अजून रोज गावात येते. पगार आठवडाभर उशिरा झाला की सिंधू म्हणते, मी चालली परत. ती खरंच गेली तर भाऊ पुन्हा मोपेड काढतील हे मला माहीत आहे. त्यांना अडवणारं कोणी नाही. त्यांचा मुलगा नागपूरला असतो, तो फोनवर रागावतो, भाऊ हो हो म्हणतात आणि फोन ठेवतात. म्हणून मी सिंधूचे नखरे सहन करते. तिचा डबा मी भरते, तिच्या सुनेचं बाळंतपण मी केलं. दुसऱ्या गावांत जोडीने येतील अशा बाया मी शोधत फिरते. एक तयार होते, दुसरी मिळत नाही.

भाऊंच्या सत्काराचा कार्यक्रम गुरुजींनी संध्याकाळी सातला ठेवला होता, मंडप आणि दिव्यांची रोषणाई करून. मी गुरुजींना म्हटलं, मग आमच्यातली एकही बाई येणार नाही, आणि भाऊंनाही मी येऊ देणार नाही. म्हणून तो आता दुपारी आहे. लांबून येणाऱ्या पाहुण्यांना उन्हाचा त्रास होईल, तो माझ्यामुळे. जेवण आम्हीच रांधणार आहोत. पोटभर जेवा, भाऊंना हार घाला, भाषणं आखूड करा आणि उजेडात घरी जा.

देवाजीभाऊंना खूप वर्षं मिळोत. गुडघे चालते राहोत, नजर टिको, खोकला जावो. त्यांच्या भोजनालयात जोडीने येणाऱ्या बाया कधी कमी न पडोत. आणि रोज दिवस बुडताना भाऊ आपल्या घरात, दाराला कडी लावून बसलेले असोत. तेवढं झालं की मी दारातून आत जाईन.