डॉक्टर लावून घेतलेलं नाव

आमचं लातूरला वेबसाइट बनवून द्यायचं दुकान आहे. मी आणि बसवराज, दोघंच. काम चार दिवसांचं असतं, पण नाव ठरवण्यात लोक महिना घालवतात आणि त्या महिन्यात घरातलं सगळं सांगून जातात. असे किस्से इतके साठलेत की बसवराज म्हणतो, आपण वेबसाइटपेक्षा बारशीच जास्त केली!

उदगीरच्या एका कापड दुकानदाराला आम्ही पाच सुटसुटीत नावं काढून दिली. त्यांनी चिठ्ठ्या करून महादेवापुढं टाकल्या. निघालेली चिठ्ठी घेऊन ते महिन्याने आले, तोवर नेमकं तेच नाव कुणीतरी घेऊन टाकलेलं! बाकीची चार मोकळी होती. पण देवानं दिलेलं सोडायचं कसं? तो माणूस सोडेपर्यंत थांबतो म्हणाले. त्यांचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली. फोन अजून येतो, "सुटलं का नाव?"

अर्धापूरच्या एका केळी व्यापाऱ्यानं वेबसाइटला लाडक्या लेकीचं नाव दिलं होतं. छोटं, लगेच लक्षात राहणारं. पुढे लेकीनं पळून जाऊन स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि व्यापारी ते नाव काढून टाकायला आले. मी समजावलं, बाहेरगावची गिऱ्हाईकं याच नावानं शोधतात, तुम्ही सापडणार नाही. ते म्हणाले, "शोधू द्या. आम्हीबी लई शोधलं." मी नाव काढून टाकलं.

आणि मुखेडचे ते एसटी कंडक्टर. मुलाला अकरावीला लातूरच्या मेडिकलच्या क्लासमध्ये घातलं आणि तिथून थेट आमच्याकडे आले. मुलाच्या नावाआधी डॉक्टर लावून वेबसाइटचं नाव आत्ताच घेऊन ठेवायचं होतं. नंतर दुसऱ्यानं घेतलं तर? आधी परीक्षा तरी होऊ द्या म्हटलं, पण ऐकेनात. मग मी घेऊन दिलं. पाहुण्यारावळ्यांना ते मोबाइलवर त्या नावाचं कोरं पान दाखवायचे.

मुलगा तीनदा परीक्षेला बसला, तिन्ही वेळा राहिला. आता गावातच औषधाच्या दुकानात कामाला आहे. बाप मात्र दरवर्षी नाव चालू ठेवायचे पैसे भरायला न चुकता यायचे.

यंदा मुलगा एकटाच आला. "सर, पप्पाला सांगा, ते नाव दुसऱ्यानं घेतलं म्हणून. ते अजून लोकायला दाखवून राहिलेत."

मला माझीच लाज वाटली. त्याच्यासमोरच फोन लावला आणि खोटं बोललो.

पलीकडून एसटीचा आवाज येत होता. त्या आवाजातच कंडक्टरांनी विचारलं, "घेणारा तरी डॉक्टर हाय का?"

मी मुलाकडे बघितलं आणि "हाव" म्हणालो.