बरोबरच्याचं तिकीट

पालिकेचं गोल्फचं मैदान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं. पांढरे बूट, संथ चालणारी गुळगुळीत माणसं, हातात थंड पेयं. इथं तसलं काही नव्हतं. नऊ होल, एका अंगाला सांडपाण्याचं केंद्र, दुसऱ्या अंगाला बस दुरुस्तीची शेड आणि फाटकापाशी एक खिडकी. त्या खिडकीमागे ती बसायची. खेळायला येणारे तिला खिडकीवाली म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. आयुष्याची मधली सगळी वर्षं एकाच खिडकीत गेल्यावर माणसाचं म्हणणं तरी काय उरतं?

लोकांना वाटायचं, ही फक्त तिकिटं देते. खरं म्हणजे त्या तिकिटांचे दरही तीच ठरवायची. कागदोपत्री ते पालिकेची समिती ठरवायची आणि समितीपुढे मैदानाचा व्यवस्थापक ते मांडायचा. पण व्यवस्थापकाला कळायचं गवत. आकडे दिसले की त्याला घाम फुटायचा. त्यामुळे दर हिवाळ्यात तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचा आणि यंदा काय करायचं म्हणून विचारायचा. मग ती त्याला सांगायची. सकाळचा दर इतका, उन्हं उतरल्यावर इतका, सुट्टीच्या दिवशी इतका. यातला एक दर तिने इतक्या वर्षांत जवळजवळ हलू दिला नव्हता, तो म्हणजे म्हाताऱ्यांचा, आठवड्यातल्या कामाच्या दिवसांचा. तिच्या मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. त्या दरावर तिचा दादा खेळायचा.

दादाचं उभं आयुष्य शेजारच्या शेडमध्ये, बसखाली आडवं पडून गेलं होतं. कुंपणावरून येणारे चेंडू परत टाकता टाकता त्याला या खेळाचा नाद लागला आणि निवृत्त झाल्यावर तर त्याने मैदानावर धरणंच धरलं. मग हळूहळू त्याचं डोकं साथ सोडायला लागलं. नातवंडांची नावं गेली, जेवलो की नाही ते गेलं, एकदा तर आरशात बघून त्याने कोण आलंय म्हणून विचारलं. पण गोल्फची काठी हातात दिली की खांदे बरोबर वळायचे, पाय बरोबर रोवले जायचे आणि चेंडू सणसणत जायचा. तो कुठे गेला आणि आता आपण कुठे जायचं, एवढंच त्याला उमगायचं नाही.

ते वहिनी सांगायची. दादाच्या जरा मागे, जरा डावीकडे, कापडी बूट आणि काळी छत्री घेऊन ती नऊच्या नऊ होल चालायची. या खेळाबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. चेंडू लांब भिरकावून द्यायचा आणि मग तोच हुडकत हिंडायचं, याला खेळ म्हणणाऱ्यांची तिला कीव यायची. काठीला तिने कधी बोटही लावलं नाही. पण दादाच्या प्रत्येक चेंडूवर ती नेलपॉलिशचा लाल ठिपका काढून ठेवायची आणि तो दुसऱ्याच्या चेंडूकडे वळला की म्हणायची, "तो आपला नव्हे. आपल्यावर लाल आहे." घरी तो दिवसभर कपाटं उघडायचा, किल्ल्या शोधायचा, तिच्यावर खेकसायचा. मैदानावर दोन-अडीच तास तिला तिचा जुना नवरा परत मिळायचा. खिडकीवालीला हे ठाऊक होतं. म्हणून तर त्या दरासाठी तिचा जीव अडकलेला असायचा.

त्या वर्षी पालिकेने डोळे वटारले. मैदानाने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, नाहीतर जागा सांडपाण्याच्या केंद्राला देऊन टाकू. आणि पहिली कुऱ्हाड म्हाताऱ्यांच्या सवलतीवर पडणार, असं समितीने तोंडी सांगून टाकलं. व्यवस्थापक येऊन नुसता बसून राहिला.

तिने आठवडाभर खिडकीतून बघितलं. रविवारी चार जण खेळायला यायचे आणि त्यांच्याबरोबर आठ जण मिरवायला. बर्फाच्या पेट्या, गाणी, बाळाच्या वाढदिवसाचे फोटो. हिरवळ तुडवणार, संडास घाण करणार आणि देणार दमडीही नाही. तिने मांडीवर थाप मारली. जो आत जाईल त्याने काहीतरी द्यावं. खेळणाऱ्याचा दर खेळणाऱ्याला आणि न खेळणाऱ्याला बरोबरच्याचं तिकीट. लोक स्वस्तात नुसते भटकायला येऊ नयेत म्हणून तिने पुढे एक अटही घातली, की बरोबरच्याचं तिकीट खेळाडूच्या तिकिटाशिवाय निघणार नाही.

समितीने ते बघता बघता मंजूर केलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, इतकी वर्षं हे कुणाला सुचलं कसं नाही? म्हाताऱ्यांचा दर वाचला. ती घरी गेली आणि चपला काढायच्या आधी तिने फोन लावला. फोन वहिनीने घेतला. दादाचा दर वाचवला, एक युक्ती केली, असं तिने सांगितलं आणि वहिनीने तिला तोंड भरून आशीर्वाद दिला.

हा नियम करताना वहिनी तिच्या ध्यानातच आली नाही. हे ऐकून कुणाला खरं वाटणार नाही, पण तसंच घडलं. खिडकीतून पैसे देणारे चेहरे दिसतात. दादा खिडकीशी यायचा, आणि वहिनी मागे बाकाशी वाकून त्याच्या खेळायच्या बुटांचा चिखल काढत असायची. इतक्या वर्षांत तिला खिडकीशी यायचं कामच पडलं नव्हतं. सगळ्या हिशेबात तिच्यासाठी रकाना नव्हता आणि जिथे नवा रकाना काढला, तिथे ती सापडेल असं हिशेब करणारीच्या मनात आलं नाही.

पहिल्या होलपाशी खेळाडूंना ओळीने सोडणारा एक होता. पूर्वी तो फुटबॉलचा पंच होता आणि गळ्यातली शिट्टी त्याने अजून उतरवली नव्हती. माणूस वाईट नव्हता, पण सख्खा बाप आला असता तरी तिकीट मागितलं असतं. नवे दर लागले त्या सकाळी त्याने वहिनीला अदबीने विचारलं, की ताई, बरोबरच्याचं तिकीट? वहिनीने वळून खिडकीकडे बघितलं. तिथे रांग होती आणि खिडकीवाली मान खाली घालून सुटे पैसे मोजत होती. वहिनीने छत्री मिटली. दादाबरोबर खेळणाऱ्या तीन म्हाताऱ्यांना जरा लक्ष ठेवा म्हणून सांगितलं आणि ती फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसली.

यातलं काहीच खिडकीवालीने पाहिलं नाही. संध्याकाळी वहिनी फोनवर म्हणाली की गुडघे कुरकुरतात, आता मी बाकावरच बसत जाईन, ते तिघे आहेतच बरोबर. खिडकीवाली म्हणाली, बरं केलंस, आराम कर. दोनच दिवसांपूर्वी ही वहिनी तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर कापसाची गादी डोक्यावर घेऊन चढली होती, वर धापही न लागता उलट धापा टाकणाऱ्या हिलाच हसली होती. ते तिला आठवलं. आठवलं आणि तिने ते बाजूला सारलं, कारण तो धागा ओढला असता तर सगळं विणकाम उसवलं असतं. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा त्याला फार हुशार असावं लागत नाही.

पुढे तिघांपैकी एक लेकीच्या गावी राहायला गेला. दुसऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. उरलेला एक तापट होता. चेंडू मारायचा आणि तरातरा पुढे निघून जायचा, मागे कोण राहिलं ते बघायचाही नाही.

एका दुपारी खिडकीत वहिनीचा चेहरा दिसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे क्षणभर ती ओळखूच आली नाही.

"अगं, हे आले नाहीत," वहिनी म्हणाली.

शिट्टीवाला एकीकडे धावला, व्यवस्थापक एकीकडे. गवतावरचे फवारे सुरू झाले होते. दादा सहाव्या होलच्या मागे, पंपाच्या खोलीशी सापडला. उभाच होता. फवारा गरागरा फिरून त्याच्या अंगावर यायचा आणि तो तसाच उभा. नखशिखांत भिजलेला, थरथरणारा, मुठीत लाल ठिपक्याचा चेंडू. बहिणीला बघून तो एकदम लहान मुलासारखा हसला. लहानपणी तो तिला चिमणी म्हणायचा. तिचं नाव त्याच्या डोक्यातून कधीच पुसलं गेलं होतं, हे मात्र टिकलं होतं.

"चिमणे, मी हललो नाही," तो म्हणाला. "कुणीकडे जायचं ते ती सांगते. ती आलीच नाही."

ताप छातीत उतरला. इस्पितळात त्याने कुणालाच ओळखलं नाही, आणि तिथून तो घरी आला नाही.

नंतर एक दिवस शिट्टीवाला दादाच्या घरी भेटायला आला. दादाच्या खेळाचं त्याने मनापासून कौतुक केलं, आणि उठता उठता वहिनीचंही. किती शिस्तीच्या बाई! पहिल्याच दिवशी तिकीट मागितलं तर चकार शब्द न काढता मागे फिरल्या, नाहीतर लोक किती हुज्जत घालतात. तो चांगल्या मनाने बोलत होता. खिडकीवालीने हातातला कप खाली ठेवला.

तो गेल्यावर ती आत गेली. वहिनी दादाचे बूट कागदात गुंडाळत होती.

"वहिनी, मला सांगायचं होतंस. मी भरले असते."

वहिनीने कागदाची घडी नीट दाबली. "तू भरले असतेस म्हणूनच नाही सांगितलं. आणि एकदा वाटलं, काढावं रोज तिकीट. पण नवऱ्याबरोबर चालायचे पैसे मोजायचे, हे काही मला जमेना बाई. दोन पावलं मागे तर चालायचं होतं." मग तिने दुसरा बूट ओढला. "आणि त्यांचा दर वाचला म्हणून तू किती खुशीत होतीस. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. खिडकीवालीला रडूसुद्धा आलं नाही. आपण ज्याच्यासाठी सगळा आटापिटा केला त्याला आपणच मारलं, हे तिला स्वच्छ कळलं, आणि हे ज्याला सांगावं असं माणूस त्या घरात आता एकच होतं, ते समोर बुटांचं पुडकं बांधायला दोरी शोधत होतं.

हिवाळ्यात व्यवस्थापकाने खुर्ची ओढली तेव्हा तिने दरपत्रकातली बरोबरच्याच्या तिकिटाची ओळ काढून टाकली होती. त्याने ती परत घातली. उत्पन्न नगण्य आहे हे त्याला मान्य होतं. रविवारचे लोक पैसे भरायच्या ऐवजी यायचेच बंद झाले होते. पण वर्षभरात तक्रार एकही नाही, मग चांगलं चाललेलं कशाला काढायचं? ती समितीच्या बैठकीला गेली, मागच्या रांगेत बसली. कुणाला काही बोलायचंय का असं विचारल्यावर उठून उभीही राहिली. अध्यक्षबाईंनी तिला ओळखलं. ही कल्पना यांचीच, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबायच्या आतच ती खाली बसली. दर थोडा वाढवून ठराव मंजूर झाला.

त्यानंतर एका कामाच्या दिवशी सकाळी वहिनी खिडकीशी आली. कापडी बूट, काळी छत्री, हातात दादाचं जुनं पाकीट. मागे रांग होती, त्या रांगेतून ती नंबराने आली होती.

"एक दे," ती म्हणाली. "बरोबरच्याचं."

"वहिनी, तू जा ना आत. तुला कोण अडवतंय?"

"तो अडवेल. त्याचं कामच आहे ते."

खिडकीवालीने यंत्राचं बटण दाबलं. यंत्राने खेळाडूचं तिकीट मागितलं. तिने परत दाबलं, परत तेच. स्वतः घातलेली अट ती विसरली नव्हती, तरीपण तिसऱ्यांदा दाबून बघितलं.

"खेळाडूशिवाय निघत नाही," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला ऐकवेना.

"हो का?" वहिनीने जरा विचार केला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर निभावलं असतं. "मग त्यांचंही काढ, चिमणे. म्हाताऱ्यांच्या दराने. तो तू वाचवलायस ना."

दोन्ही तिकिटं निघाली. वहिनीने पैसे मोजून दिले, उरलेले सुटे परत घेतले, पाकीट कमरेला खोचलं. शिट्टीवाल्याने दोन तिकिटं बघून तिच्या मागे दुसरं कुणी येतंय का पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग दोन्ही तिकिटं फाडून अर्धी अर्धी तिच्या हातात दिली आणि तो बाजूला झाला.

पहिल्या होलशी वहिनी थांबली. पाय रोवून, खांदे वळवून चेंडू मारायला दादाला लागायचा तेवढा वेळ थांबली. मग छत्री उघडून चालायला लागली, वाटेच्या मधून नाही, जरा डावीकडून.

खिडकीवालीला उठून तिच्याबरोबर जायचं होतं. बरोबर जायला तिकीट लागतं आणि खेळाडूमागे किती जण न्यायचे यावर तिने मर्यादा घातली नव्हती, एवढंही तिच्या मनात येऊन गेलं. पण रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि पुढचा माणूस सकाळच्या दराची दोन तिकिटं मागत होता. तिने त्याला सकाळची दोन दिली.