नवरा बांधायचं मूळ

जिंगशी गावात कोणाचंही लग्न कशानेही लागू शकतं, पण या-दिंगचं लग्न मुळामुळेच लागलं, यावर सगळ्या बाजाराचं एकमत होतं. 'या' म्हणजे आजी. नातू झाला की आमच्याकडे बाईचं स्वतःचं नाव संपतं. दिंग जन्मला आणि ती या-दिंग झाली, तिचा नवरा कोंग-दिंग, म्हणजे दिंगचा आजोबा, झाला. त्याआधी ती नुसती ता-मै होती. फेंगडे पाय, तोंडभर वांग, आणि गळा असा की तिने तान घेतली की बदकं तळ्यात उड्या टाकत. आणि तो? तिसऱ्या महिन्याच्या गाण्यांच्या जत्रेत सात गावच्या पोरी त्याच्या समोरच्या टेकडीवर जागा धरायला भांडत. पोरीने फेकलेला भरतकामाचा चेंडू झेलला की लग्नाला होकार. अशा माणसाने ता-मैचा चेंडू झेलला, आणि झेलला तो झेललाच. लोक काय म्हणणार? चेंडूत मूळ भरलं होतं म्हणाले.

चेंडूत मूळ नव्हतं, साळीचा कोंडा होता. मूळ नंतर आलं.

लग्न झाल्यावर तिलाच धास्ती बसली. आरशात बघायची, मग नवऱ्याकडे बघायची, आणि हिशेब काही केल्या जुळायचा नाही. तिची आई झाडपाल्याची जाणकार. तिने लेकीला सुळक्याच्या कपारीत उगवणारं पीळमूळ दाखवलं. दोन वेली एकमेकींना पीळ घालून वाढतात, त्यांचं खाली एकच मूळ. नियमही सांगितले: आपल्या हाताने खणायचं, जाता-येता माणसाशी बोलायचं नाही, खड्ड्यात मूठभर तांदूळ ठेवायचे, आणि पाचव्या महिन्याच्या पंचमीला, दुपार कलायच्या आत, दारूतून पाजायचं. एका पंचमीपासून पुढच्या पंचमीपर्यंत माणूस जागचा हलत नाही.

तेव्हापासून एकही पंचमी चुकली नव्हती. या-दिंग आता नातवंडांची धनीण झाली, बाजारात तिच्या दुकानासमोर कुलिंजन, वेखंड, नागदवण्याचे ढीग लागत. पोरी लाजत लाजत येऊन पीळमूळ मागत आणि ती बारीक चिरून, कोणाला ओळखू येणार नाही असं करून देई. पण दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी ती स्वतः मात्र टोपली घेऊन गुपचूप डोंगर चढे.

यंदा सणाच्या तोंडावर एका बदकामागे धावताना तिचा पाय मुरगळला. भोपळ्याएवढा सुजला. डोंगर राहिला बाजूला, परसात जायलाही काठी लागू लागली. दुसऱ्याला पाठवावं तर नियम मोडतो. विकायला ठेवलेलं घ्यावं तर ते सून आणि जावयाने खणलेलं. शेजारच्या या-फुंगकडून घेणं तर शक्यच नव्हतं. एक तर ती त्यात रताळ्याची मुळी मिसळते हे या-दिंगला ठाऊक होतं (दोघीही मिसळत), आणि दुसरं म्हणजे दुपारच्या आत सगळ्या गावाला कळलं असतं की हिला अजून नवरा बांधावा लागतो.

पंचमी उजाडली. दारोदारी नागदवणा आणि वेखंडाच्या जुड्या लटकल्या. बाजारात माणसं लोटली. त्या दिवशी अर्धे लोक काही घ्यायला येतच नाहीत. औषधांच्या वासात एक फेरी मारली की वर्षभर दुखणं येत नाही म्हणतात, तेव्हा नाक फुलवून फुकटात हिंडतात. या-दिंग पाटावर पाय पसरून बसली होती आणि कोंग-दिंगची जागा रिकामी होती.

"बदकं बघून येतो" म्हणून तो पहाटेच गेला होता. बदकं बघायला एवढा वेळ? बदकं काय गाणी म्हणतात?

"तुझा म्हातारा मला बस थांब्याकडे दिसला बाई," या-फुंगने पलीकडून बातमी पेरली. "नवा सदरा होता अंगात."

"सणाला नवाच घालतात."

"हो ना. आणि देबाओ गावची ती स्यांगची आई आलीय म्हणे सणाला. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, पण आवाज अजून तसाच. तुमच्या लग्नाआधी ते दोघं कशी उत्तराला प्रत्युत्तर गायचे, आठवतं?"

"तू आपली रताळी सांभाळ," या-दिंग म्हणाली. पण तिच्या हातातला वेखंडाचा तुकडा चिरता चिरता भुकटी झाला होता.

ऊन चढत गेलं. जुन्या पंचमीची मुदत संपत आली होती. गेल्या वर्षीचं मूळ आता उतरणार. तिला तर वाटलं, पहाटेच उतरलं असावं. एका पोरीने पीळमुळाचा भाव विचारला. "खरंच लागतं ना आजी?" या-दिंगने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

आणि तेवढ्यात गर्दीतून कोंग-दिंग आला. नवा सदरा खांद्यापासून फाटलेला, गुडघे चिखलाने माखलेले. त्याने तिच्यासमोर, सगळ्या बाजारादेखत, एक वेल मुळासकट आपटली. पीळमूळ. चांगलं मनगटाएवढं.

"घे. दारू कुठाय?"

या-दिंग पुढे वाकली. "हे... तुला कुठे सापडलं?"

"जिथे तू खणतेस तिथेच. सुळक्याच्या कपारीत."

"तुला काय माहीत मी कुठे खणते?"

कोंग-दिंगने मान खाजवली. "लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मागोमाग आलो होतो. सणाच्या आदल्या दिवशी बायको नटून-थटून, कोणाशी न बोलता, तांदूळ घेऊन एकटीच डोंगरात जाते. मला वाटलं, वर कोणीतरी आहे तुझा."

"माझा?" या-दिंग ओरडली. "या पायांवर?"

"मग! त्या वर्षी सणाआधी चार रात्री झोपलो नाही मी. वर बघतो तर ही जमीन उकरतेय. हायसं वाटलं. मग दारू कडू का लागते तेही कळलं."

पलीकडे या-फुंगने विकणं थांबवलं होतं. फुकट वास घेणारेही थबकले. असा वास कोण सोडतो?

"कळलं होतं, तरी पीत राहिलास?"

"न पिऊन वर्षभर तुझं उतरलेलं तोंड कोण बघणार होतं? यंदा पाय मुरगळल्यापासून तू अशी सुतकी बसलीस, म्हटलं आपणच आणावं. थांब्याकडून वर जायची वाट सोपी आहे."

"कोणाशी बोललास वाटेत?"

"एका म्हशीशी."

"म्हैस चालते. तांदूळ ठेवलेस?"

"विसरलो. पानात बांधलेला भाताचा मुटका होता खिशात, त्यातला अर्धा ठेवला. भूक लागली होती."

या-दिंगने मूळ हातात घेऊन वजन केलं, वास घेतला आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला. "उपयोग नाही रे. ज्याला बांधायचं त्यानेच खणलं तर लागत नाही. खणणाऱ्याचा हात दुसऱ्याला बांधतो."

"मग अडलं कुठे?" कोंग-दिंग खाली बसला, मूळ पुसलं आणि तिच्याच सुरीने चिरू लागला, असं जाडंभरडं की कोणालाही ओळखू यावं. "इतकी वर्षं मी एकटाच बांधलेला. तू मोकळीच हिंडतेस बाजारभर. आज तू प्यायचीस."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. दुपार कलतेय, चल."

त्याने दारूत मूळ कुस्करलं आणि वाटी पुढे केली. या-दिंगने या-फुंगकडे पाहिलं, भाव विचारणाऱ्या पोरीकडे पाहिलं, नाक दाबलं आणि वाटी रिकामी केली. मग तिचे डोळे पांढरे झाले, खांदे थरथरले, वांगाचा एकेक ठिपका जागचा हलला.

"अगं आई गं! हे असलं कडू पाजत होते मी तुला?"

"दरवर्षी."

"आणि बोलला नाहीस? चिमूटभर आलं घातलं असतं की रे मेल्या!"

"मला वाटलं, कडूपणातच त्याचा जोर असतो," कोंग-दिंग म्हणाला, आणि वाटीच्या तळाशी उरलेलं बोटाने चाटून घेतलं.