फोटो फुकट

पडदेवाल्या ताईने स्कूबाच्या मास्तरला भर समुद्रात बोटीवरून ढकलून दिलं, आणि का, तर त्याचं तिच्या धाकट्या बहिणीशी सूत जुळलं होतं, अशी कुजबुज बाजारात बरेच दिवस चालली होती. सांगणारे डोळे मिचकावून सांगायचे.

ताईचं पडद्यांचं दुकान. बाहेर पाटी, ‘शिलाई फुकट’. शिलाईचे पैसे कापडात कसे मुरवायचे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि तीच बया फुकटाला भुलली!

पाण्याखालचे मासे बघायची हौस ताईची. धाकटी “नको गं, मला छातीवर पाणी आलं तरी धडकी भरते” म्हणत राहिली, पण ताईपुढे तिचं कधी चाललंय? आधी दोघी गेल्या स्कूबा शिकवणाऱ्या एका खडूस बाईकडे. तिने पोहण्याच्या तलावातच उभं केलं. “नळीतून श्वास घ्या आणि हवेच्या मीटरकडे बघा. श्वासागणिक काटा खाली गेला, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. तसं पाण्यात उतरायचं नाही. समुद्र नंतर, आधी हे.”

“काटा बघायचे दुप्पट पैसे?” ताई फणकारली आणि धाकटीला ओढत निघाली ती थेट या मास्तरकडे. हा देखणा, गोडबोल्या. तलाव नाही, कटकट नाही, निम्म्यात काम, वर फोटो फुकट.

बोटीवर शिकाऊ माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि मास्तर एकटा, तोही गळ्यात कॅमेरा अडकवून. ताईने काळजीने नव्हे, निव्वळ वेळ जात नव्हता म्हणून नळी तोंडात धरली. तिचा काटा जागचा हलेना. मग धाकटीला म्हणाली, “तू पण बघ गं.”

धाकटीने श्वास ओढला. काटा घसरला. सोडला, काटा वर. पुन्हा घसरला.

“अहो सर, हिचा काटा नाचतोय!”

“जुना मीटर आहे हो, नाचतोच तो. ताई, जरा हसा बघू इकडे!”

“व्हॉल्व्ह उघडून तर बघा.”

“मी सगळं तपासलंय. तुम्ही मला शिकवणार का आता?”

“बरं, मग तुमचा सिलिंडर हिला द्या. हा तुम्ही लावा.”

मास्तरचं हसू मावळलं. “माझा सेट माझ्या मापाचा आहे.”

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. त्याचा राग होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त. जन्मभर गिऱ्हाइकांना जे गाजर दाखवलं, तेच आपण खाल्लं. तेही कोणाच्या जिवावर, तर जी नको नको म्हणत होती तिच्या!

“माझ्या बहिणीच्या श्वासात काटकसर करतोस, मेल्या? काढ, तुझाच फोटो काढ आता!”

धप्प! कॅमेऱ्यासकट.

परत येताना मास्तर बोटीच्या टोकाला निथळत बसून कॅमेऱ्यातलं पाणी झटकत होता. पुढच्या आठवड्यात दोघी खडूस बाईच्या तलावात उभ्या होत्या. ताईने या वेळी घासाघीस केली नाही. दुकानावरची पाटीही उतरली.

आता कुजबुजीचं. मास्तरचं आणि धाकटीचं काहीही नव्हतं. तिच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला होता. ताईने त्याला ढकललं, एवढं खरं.