मधल्या फळीतल्या दोघी

डोंबिवलीजवळच्या काटईच्या केण्यांच्या घरात करिश्माच्या आधी कुणी फुटबॉलला पाय लावला नव्हता. शेतं गेली, बिल्डिंगी उठल्या, मधल्या उरल्यासुरल्या रानात ती चुलत भावांबरोबर अनवाणी खेळायची. ती फार वेगात पळायची नाही, पण बॉल पायात यायच्या आधीच पुढे कोण मोकळं आहे ते तिला दिसलेलं असायचं. गोल दुसऱ्यांचे व्हायचे, पण ते करिश्माच्या पासवर झाले हे बघणाऱ्याला कळायचं.

जिल्ह्याच्या संघात तिला दिशा गुरव भेटली. दिशा जवळच्याच दिवा गावची. तीही मधल्या फळीतच खेळायची, दमसास भरपूर, अडवायला वाघीण. दिव्यात पाण्याचा भरवसा नसल्यामुळे सरावानंतर ती काटईलाच आंघोळीला यायची. करिश्माची आई, आवडाबाई, तिला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढायची. "ही माझी दुसरी पोर," असं शेजारणींना सांगायची.

दक्षिणेतल्या एका क्लबने दोघींना एकदमच घेतलं. हॉस्टेलवर एकच खोली मिळाली. पहिला सीझन छान गेला. दुसऱ्याच्या तयारीत करिश्माचा गुडघा सुजला. दिशाने रात्र रात्र बर्फ लावून दिला.

"कुणाला बोलू नकोस हां," करिश्मा म्हणाली. "थोड्या दिवसांत उतरेल."

"आईशप्पथ नाही सांगणार. वेडी आहेस काय?"

पुढच्याच आठवड्यात क्लबने तिला तपासणीला पाठवलं आणि संघातून वगळलं. स्टेशनवर दिशा तिच्या गळ्यात पडून रडली. आपल्या पळण्यावरूनच कोचने ओळखलं असणार, असं करिश्मा धरून चालली. गुडघा उपचारांनी बरा झाला, पण 'दुखापतवाली' हा शिक्का काही गेला नाही. कुठल्याच क्लबचा पुन्हा फोन आला नाही.

बरेच दिवस तिने टीव्हीवर मॅचसुद्धा लावली नाही. मग हट्टाने कोचिंगचं लायसन्स काढलं आणि डोंबिवलीच्या एका मैदानावर मुलींना शिकवायला लागली. आधी चार-पाच मुली होत्या, नंतर दिवा, विठ्ठलवाडीहून येऊ लागल्या. काही सीझन खेळून परत आलेली दिशा सरळ मैदानावर आली. "मला घे तुझ्यासोबत," म्हणाली. करिश्माने बूट घालून ये म्हटलं. त्यानंतर अकॅडमी दोघींचीच झाली.

गेल्या वर्षी त्यांनी मुलींची स्पर्धा भरवली. बक्षिसं द्यायला त्यांच्या जुन्या क्लबचे कोच, मधु सर आलेले. जाता जाता त्यांनी करिश्माच्या खांद्यावर हात ठेवला.

"घुटना ठीक है ना अब? अच्छा हुआ, दिशाने टाइम पे बता दिया. नहीं तो तू छुपाके खेलती रहती."

करिश्मा हसली. हसायचं म्हणून हसली. सरांची गाडी गेल्यावर ती मैदानात आली. मुली निघून गेल्या होत्या, दिशा एकटी खुणेचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होती.

"मधु सरांना माझ्या गुडघ्याचं तू सांगितलंस?"

दिशाच्या हातातले कोन तसेच राहिले. "आता ते कशाला काढतेस?"

"हो की नाही?"

"हो." दिशा खाली बसली. "मधल्या फळीत एकच जागा उरलेली, करिश्मा. मी परत दिव्याला आले असते तर घरच्यांनी लग्नच लावलं असतं. तुझ्या मागे घर होतं, गावात जागा होती."

"स्टेशनवर रडलीस ती?"

"खरंच रडलेले. म्हणून तर परत आले ना तुझ्याकडे? इतकी वर्षं एक दिवस तरी सुट्टी घेतली का मी?"

हे करिश्माला जास्त लागलं. "म्हणजे तू मैत्रिणीकडे आली नव्हतीस, दिशा. प्रायश्चित्त घेत होतीस. आणि मला वाटत होतं, माझं सगळं गेलं तरी तू आहेस."

दिशा दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ठाण्यात एका टर्फवर तिने स्वतःची टीम उभी केली, काही मुली तिच्यामागे गेल्या. करिश्माने कुणाला कारण सांगितलं नाही. घरी मात्र सांगावंच लागलं, कारण आवडाबाई रोज विचारायची, "दिशा का येत नाय गो?" ऐकून तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"तिनं मना सांगितला असता तं मीच तुला बोलले असते, तिला जाऊ दे पुढं," ती म्हणाली.

"मी जाऊ दिलं असतं का, आई?"

"त्या तुला ठावं. पण तिनं इचारलंच नाय."

यंदा दोघींच्या टीम समोरासमोर आल्या. दिशाच्या मुली जिंकल्या, आणि करिश्माच्याच शिकवणीतले पास खेळून जिंकल्या. शिटी वाजल्यावर दोन्हीकडच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दिशा हात पुढे करून आली.

"छान खेळल्या तुझ्या पोरी."

करिश्माने हात दिला, लगेच सोडला. "तुझी आठ नंबरवाली बॉल घेताना मागे बघत नाही. शिकव तिला," एवढंच बोलली, आणि हरलेल्या मुलींना घेऊन पाणी प्यायला गेली.